ऑरिनच्या हातची काडतुसं

ऑरिन हॉगनने काडतुसं उघडायचा हातोडा उचलला आणि लाकडी ठोकळ्यावर तिसऱ्यांदा दाणकन आपटला. हातोड्याच्या पोकळ डोक्यात अडकवलेलं काडतूस या दणक्याने सैल झालं. गोळी निसटून पडली आणि तिच्या मागोमाग पुंगळीतली दारू. ती त्याने पांढऱ्या बशीत ओतली आणि बशी खिडकीपाशी नेली.

बशीत रायफलच्या दारूच्या नुसत्या काळ्या, बारीक काड्या दिसायला हव्या होत्या. काड्या होत्याच, पण त्यांच्यात मोहरीहून बारीक गोल दाणेही होते. त्याने दुसरं काडतूस उघडलं, मग तिसरं. कशात कमी, कशात जास्त, पण दाणे सगळ्यांत होते.

म्हातारा खुर्चीत बसला. गोल दाण्यांची दारू पिस्तुलाची, झटक्यात पेटणारी. ती रायफलच्या काडतुसात गेली तर दाब इतका वाढतो की बंदूक नेम धरणाऱ्याच्याच तोंडावर फुटते. हे त्याने चाळीस वर्षांत निदान शंभर जणांना बजावलं असेल. टेबलावर एका वेळी एकच डबा. काम झालं की मापात उरलेली दारू त्याच डब्यात, डबा फडताळात, मगच दुसरा काढायचा. गावात या सोवळ्याची टिंगल व्हायची. "ऑरिनच्या टेबलाला हात लावायचा तर आंघोळ करून जा," असं लोक म्हणायचे. आणि आता त्यानेच एका डब्यातलं दुसऱ्यात ओतलं होतं. आज सकाळी डबा उघडला तेव्हा वरच दाणे दिसले, नाहीतर हेही कळलं नसतं.

कधी ओतलं? वसंतात? परवा? त्याने डोकं खाजवलं, डोळे मिटले, काही केल्या आठवेना. चूक कुणाच्याही हातून होते, पण न आठवण्याने त्याच्या पाचावर धारण बसली. हे विसरलो तर आणखी काय काय विसरलो असेन?

फडताळात या वर्षीची तीनशे साठ काडतुसं होती. आणखी चाळीस मार्नाकडे, त्याच्या मुलीकडे. उद्या पहाटे शिकारीचा हंगाम सुरू होणार होता आणि ती डोंगरात एल्क हरणांच्या मागे जाणार होती. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हा त्या मुलखातला रिवाज. सख्ख्या भावाचंसुद्धा नाही. बापाचं मात्र चालतं. मार्ना बारा वर्षांची असल्यापासून बापाच्या हातचीच वापरत होती, डबीवरची चिठ्ठीही वाचायची नाही.

त्याने फोन लावला. "मार्ना, ती काडतुसं उडवू नकोस."

"उडवली की काल! तीन. नेम बघायला," ती म्हणाली. "धक्का जरा जास्तच बसला, बाबा. तिसऱ्याला बंदुकीचा बोल्ट असा अडकला की ठोकून उघडावा लागला. म्हटलं, थंडीनं झालं असेल."

"आता एकही उडवू नकोस. काम सुटलं की डब्या घेऊन इकडे ये."

"अहो, पण झालं काय?"

"ये आधी."

ती येईपर्यंत तो गावातल्या बंदुकांच्या दुकानात गेला. एवढी काडतुसं हातोड्याने उघडायची तर त्याचं मनगट टिकलं नसतं.

"काडतुसं भरायच्या प्रेसवर बसवायचा चिमटा दे, डेलोरिस. गोळ्या उपसायचा."

"हातोडा मोडला की काय?" डेलोरिसने विचारलं. दुकान तिच्या बापाचं, ती तिथंच वाढलेली.

"दहा-वीसला हातोडा ठीक गं. इथं चारशेच्या घरात आहेत."

"अगं बाई! गोळ्या शिशाच्या का तांब्याच्या कवचाच्या? मऊ शिशाला चिमटा ओरबाडतो, आधीच सांगते. मग म्हणाल, डेलोरिसनं गळ्यात मारला."

"कवचाच्या. तीसच्या गोळीचं माप दे."

"एवढी कुणाची हो?"

"होता एक म्हातारा. गेला तो."

"मग बरं करताय. गेलेल्या माणसाची काडतुसं वापरू नयेत. त्यानं काय भरलंय ते देवालाच ठाऊक."

"हो ना," ऑरिन म्हणाला.

मार्ना साडेतीनला आली. कंपनीची दारूच खराब निघाली, हे वाक्य त्याने वाटेत घोकून ठेवलं होतं. पण त्याची नजर तिच्या उजव्या गालाकडे गेली. नेम धरताना ती तोच गाल बंदुकीला टेकवायची. त्याने बशी तिच्यापुढे सरकवली.

"मी मिसळली. कधी, ते आठवत नाही."

"होतं असं, बाबा."

"आठवत नाही, म्हणतोय मी."

मार्नाने कोट काढला. "दाखवा कसं करायचं ते."

"आधी चष्मा घाल. चूल मी विझवलीय. काडतुसाचं बूड खाचेत घट्ट बसलंय का बघ, तिरकं नको. दांड्यानं काडतूस वर घे. आता चिमटा आवळ, आणि काडतूस हळू खाली आण. वरून डोकावू नकोस, किती वेळा सांगायचं!"

"पहिल्यांदाच सांगताय," ती म्हणाली, आणि दोघंही क्षणभर हसली.

गोळी चिमट्यात राहिली, पुंगळी खाली आली. "दारू बादलीत. डब्यात परत एक कणही नाही. पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी आहे ना, ती अजून जिवंत आहे. ठोकायची नाही, आपटायची नाही."

दोन तास ती उपसत होती आणि तो मोजत होता. बादली भरत आली की तो अंगणात जाऊन दारू गोठलेल्या जमिनीवर पातळ पसरून यायचा. फडताळातले फोडलेले सगळे डबेही त्याने तिथंच रिकामे केले. कशात काय आहे, याची खात्री आता तो देऊ शकत नव्हता.

"खतच की हे. पुढच्या वर्षी गवत झकास येईल," मार्ना म्हणाली.

अंधार पडायला लागला तेव्हा ती उठली. "राहिलेली रविवारी करू. उद्यापुरती मी दुकानातली घेते."

"घे."

"आणि सोमवारी पोरींना साडेसातला आणून सोडते, नेहमीसारखं."

नातींना तो रोज आपल्या गाडीतून नदीपलीकडच्या शाळेत पोचवायचा. बावीस मैल, वाटेत अरुंद पूल.

"त्यांना न्यायला दुसरं कुणीतरी बघ," ऑरिन म्हणाला.

कोटाची चेन लावता लावता मार्नाचा हात थांबला. 'काहीतरीच काय, बाबा!' असं ती म्हणेल, म्हणून तो वाट बघत राहिला. मनापासून वाट बघत राहिला.

"शेजारच्या इंगाला विचारते," ती म्हणाली.

"इंगा चांगली आहे. सावकाश चालवते," असं म्हणून त्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं.