घरच्या दाराचं कुलूप

माझ्या इंग्रजीच्या वर्गात नियम एकच: वाक्य खरं पाहिजे. पुस्तकातला राजा शिकारीहून परत आला की नाही याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं, म्हणून तो धडा डोक्यात शिरत नाही. स्वतःच्या घरातलं बोलायला लागलं की क्रियापद आपोआप जागेवर येतं. खोटं वाक्य कितीही शुद्ध असो, मी त्यावर काट मारते. विद्यार्थी पाठीमागे मला खाष्ट म्हणतात. तेही वाक्य खरं आहे.

वर्ग माझ्याच पुढच्या खोलीत भरतो, संध्याकाळी, कामं उरकून आलेल्या मोठ्या माणसांचा. त्यात एक कुलूपवाला होता. हल्ली बाहेरच्या बनावटीची कुलपं येतात, त्यांच्यासोबतचे कागद वाचता यावेत म्हणून तो शिकत होता. त्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी एक नर्सही यायची, त्याच्या मागच्या बाकावर बसायची.

त्या दिवशी पूर्ण वर्तमानकाळ होता. हा काळ मी जाण्यायेण्यावरून शिकवते. 'हॅज गॉन' म्हणजे माणूस गेलाय आणि अजून तिकडेच आहे. 'हॅज कम बॅक' म्हणजे परत आलाय आणि आत्ता इथे आहे. एवढं कळलं की पुढचं सोपं. मग प्रत्येकाने ओळखीच्या माणसावर एकेक वाक्य करायचं, मी ते फळ्यावर लिहायचं.

"माय वाइफ हॅज गॉन टू हर ब्रदर्स हाऊस," कुलूपवाला फळ्याकडे बघत म्हणाला.

वाक्यात खोट नव्हती. बायको रुसून भावाकडे गेली होती, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. जगाची दारं उघडायला हा माणूस वेळी-अवेळी धावतो आणि स्वतःच्या दाराशी कधी वेळेवर येत नाही, ही तिची तक्रार. तक्रारीत तथ्य होतं. पण आधी फोन कुणी करायचा यावर दोघंही अडून बसली होती. आपणहून गेली, आपणहून येईल, असं हा म्हणायचा. म्हणताना चेहरा मात्र उतरलेला असायचा, आणि वर्ग संपला तरी घरी जायची त्याला घाई नसायची.

पुढची पाळी नर्सची. ती म्हणाली, "हिज वाइफ हॅज कम बॅक."

मी काट मारायला खडू उचलला आणि खोटी वाक्यं माझ्याकडे चालत नाहीत, याची तिला आठवण दिली. ती दुखावली. खोटं कशाला बोलू, तिला बॅग घेऊन दाराशी उभी असलेली मी या डोळ्यांनी पाहिली, असं म्हणाली.

"आत्ता ती घरी आहे का?" मी विचारलं.

"नाही. तशीच परत गेली."

"मग हे क्रियापद चालायचं नाही." सवयीने तोंडातून निघून गेलं.

कुलूपवाला उठून उभा राहिला होता. "परत का गेली?"

"ते तुम्हालाच ठाऊक," नर्स म्हणाली. "किल्ली फिरवून फिरवून दमली बिचारी. मला म्हणाली, कुलूप बदललंय, आणि या वेळी मला किल्ली दिली नाही. समजलं मला काय समजायचं ते, म्हणाली. मी म्हटलं, नवरा-बायकोत आपण कशाला नाक खुपसा."

कुलूपवाल्याचा हात खिशाकडे गेला. त्याची रीत अशी, की नवीन बनावटीचं कुलूप आलं की आधी घरच्या दाराला लावून बघायचं, मगच गिऱ्हाइकाला द्यायचं. लावण्याआधी एक किल्ली बायकोच्या हातात पडायची. या वेळी कुलूप आलं तेव्हा ती घरी नव्हती. याने सवयीने कुलूप लावलं आणि तिची किल्ली खिशात ठेवली. ती अजून खिशातच होती. त्याने ती काढून बाकावर ठेवली. मला त्याचा रागही आला आणि वाईटही वाटलं. जा आणि तिला सांगा, एवढंच मी म्हणाले. तो वही तिथेच टाकून गेला.

पुढच्या वर्गाला तो उशिरा आला. मी काही बोलायच्या आत उभा राहून म्हणाला, "माय वाइफ हॅज कम बॅक."

मी नर्सकडे पाहिलं. तिने मान डोलावली. तरी मी विचारलंच, नवी किल्ली नेऊन दिली का?

"नाही बाई. नवी किल्ली दिली असती तर म्हणाली असती, आता सुचलं. म्हणून नवं कुलूप काढलं. जुनं बसवायला घेतलं, पण धीर निघेना. तसंच ते हातात घेऊन मेहुण्याकडे गेलो. तिच्यापुढे धरलं, म्हटलं, तुझी किल्ली लाव. तिने लावली. फिरली."

"मग?"

"कुलूप उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाली, हे इथे, तर घराला काय लावून आलात? म्हटलं, काही नाही."

वर्गात कुणीतरी हसलं. मी हसणाऱ्यावर डोळे वटारले.

"म्हणाली, घर उघडं टाकून आलात? तुम्ही? उठा आधी." तो खाली बसला. "बॅगसुद्धा भरली नाही, बाई. माझ्या पुढे चालत होती."