माझी इंद्रधनुषी साल

मित्रांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा, तुम्ही वर्षानुवर्षे ओल्या मातीत गाडलेले आहात. वर माणसे चालतात. तुम्हाला कुणी हाक मारत नाही. मी तशी पडले होते. मी एक जुनी औषधाची बाटली आहे.

एका कारागिराने मला तोंडाने फुंकून घडवले. माझी मान जरा वाकडीच राहिली. औषध संपल्यावर मला फेकून दिले. पुढे एका इमारतीच्या पायाचे खोदकाम करणाऱ्या एका बाईला मी सापडले आणि तिने मला लेकीला दिले. ती बाई तापाने गेली. लेक काकूकडे राहायला आली, मीही आले.

एके दिवशी काकूने जुन्या बाटल्या जमवणारे दोघे जण बोलावले. एकाने भिंग लावले.

"ही अस्सल आहे, वहिनी! पण खरी किंमत या सालीची. मातीत राहून काचेवर इंद्रधनुष्य चढलंय. घासलीत तर भंगार समजा."

मी फुगून गेले. आता काचेचे कपाट, मऊ कापड!

"ती माझ्या आईची आहे," मुलगी म्हणाली.

"आई गेली. तुला पोसतंय कोण? ही बाटली?" काकू म्हणाली.

"रडू नकोस गं," दुसरा हसला. "तुला प्लास्टिकची देतो. पडली तरी फुटणार नाही."

दोघे खोके आणायला खाली गेले. काकू चहाकडे वळली. मुलीने मला मोरीत नेले. निरोपाची अंघोळ असेल, असे मला वाटले. तिने तारेची घासणी उचलली.

मित्रांनो, ती रडत नव्हती. दात खाऊन घासत होती. माझे सारे रंग मोरीच्या भोकातून वाहून गेले.

भिंगवाला परतला, मला पाहून खो खो हसला. "वहिनी, पोरीनं किंमतच घासून काढली की! आता रॉकेल भरा हिच्यात."

काकूने मुलीच्या कानाखाली वाजवली. "फेक ते खापर!"

जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगायला हवे. पण जपणे कशाला म्हणतात, ते मलाच त्या दिवसापासून नीट सांगता येत नाही.

मुलीने गाल चोळला नाही. तिने मला नळाखाली धरून काठोकाठ भरले आणि काकूच्या डोळ्यांत बघत, शेवटच्या थेंबापर्यंत ती पाणी प्यायली.