टबातला दगड

टबात दगड कधी ठेवायचा, हे मी एकोणीस वर्षं बालवर्गाला शिकवतेय. बेडूकमाशाला आधी मागचे पाय फुटतात, तेव्हा घाई नसते. पुढचे पाय फुटले की मात्र त्याच दिवशी दगड ठेवायचा. कारण आता त्याला माशासारखा पाण्यात श्वास घेता येत नाही. वर चढून बसायला जागा नसेल तर तो बुडून मरतो. हे ऐकून मुलं दर वर्षी खो खो हसतात. बेडूक कसा बुडेल, बाई?

आम्ही हे नुसतं सांगत नाही, करून बघतो. अंग चोरून अंडं व्हायचं, मग मागे कापडाची शेपूट लावून वर्गभर वळवळायचं, मग उड्या. कुणी शेपूट उपटून फेकली की माझं डोकं फिरतं. शेपूट गळत नाही रे, आटते! मग सगळे जीभ बाहेर काढून शेपूट थोडी थोडी कमरेत खोचत बसतात. दिवसभरात तेवढीच काय ती शांतता.

या वर्षी वर्गातल्या टबात बेडूकमासे असताना नेमकी चार दिवसांची सुट्टी आली.

"मी येऊन बघत जाईन की, बाई," शाळेतल्या मावशी म्हणाल्या.

"नको, मी नेते घरी."

मोठा कामाचा आव आणला, पण खरं सांगायचं तर ते चार दिवस मला खायला उठणार होते. लेक चार महिन्यांपूर्वी वेगळी राहायला गेली. भांडण नाही, तंटा नाही, नोकरी जवळ पडते म्हणून. जाताना तिने तिचं टेबल मागितलं. मी म्हटलं, टेंपो मिळत नाही. नंतर दोनदा फोनवर म्हणाली, "आई, जमिनीवर बसून काम करते गं, मान धरते." मी म्हटलं, बघते. टेबल खिडकीपाशी तसंच राहिलं, शाईच्या डागांसकट. ते दिसलं की वाटायचं, बाहेर गेलीये, येईल इतक्यात.

टब मी त्याच टेबलावर ठेवला. आठ बेडूकमासे होते. बसमध्ये पाणी सांभाळू की दगड, म्हणून दगड शाळेतच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांना पुढचे पाय फुटलेले दिसले. दगड काय, फाटकाबाहेर पडलेले असतात. मी चप्पल घातलीसुद्धा. मग मनात आलं, दगड ठेवला की हे वर चढणार, उड्या मारणार, आणि मग सोडून द्यावे लागणार. चहा टेबलावर निवत होता. कित्येक दिवसांत मी बसून चहा प्यायले नव्हते, ओट्यापाशी उभ्यानेच उरकायचे. आज नको, उद्या ठेवू. एका दिवसाने काय बिघडतंय? मी चप्पल काढली आणि दिवसभर त्यांच्याशी बोलत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं पोट वर करून तरंगत होते. पुढचे पाय टबाच्या गुळगुळीत कडेला टेकलेले. हाताला आला तो लेकीचा कप मी पाण्यात पालथा घातला. तिसरा धडपडत त्यावर चढून बसला. मग मी रडले. बघायला कुणी नव्हतं, त्यामुळे पोटभर रडले.

शाळा उघडली. वर्गातल्या एका मुलीला आम्ही पोलीस म्हणतो. खडूपासून डब्यांपर्यंत सगळं ती मोजते. तिने टबावर वाकून मोजलं.

"सहाच आहेत. दोन कुठे गेले?"

"गेले असतील तळ्यात," मावशींनी मला डोळा मारला.

"मेले," मी म्हटलं.

"दगड नव्हता?"

"नव्हता."

"विसरलात?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. माणूस विसरतो.

"नाही गं. ते मला घरात हवे होते, म्हणून ठेवला नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. चार वर्षांच्या पोरीच्या नजरेपुढे माझी मान खाली गेली.

"पण ते तर बेडूक झाले होते," ती म्हणाली, आणि कोपऱ्यातला दगड दोन्ही हातांनी उचलून टबात ठेवायला गेली. माझी मदत तिने घेतली नाही.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभं राहून मी लेकीला फोन लावला.

"संध्याकाळी टेबल पाठवते."

"अरे वा! मिळाला टेंपो?"

"टेंपो मिळतच होता."

फोनमध्ये तिच्या ऑफिसातले आवाज येत होते.

"तू जाऊ नयेस असं वाटत होतं मला," मी म्हटलं.

"अगं आई, मी तर केव्हाच गेलेय."

"माहितेय," मी म्हटलं. "मान कशी आहे तुझी?"