पांढरं

अकर्ता परिवारात जाऊन आपल्याला काय मिळणार, हे महादेवप्पांनी आधीच नीट पाहून ठेवलं होतं. मोक्षाचं पुढचं पुढे. घरात शांतता मिळणार होती, ती मात्र लगेच.

परिवाराची शिकवण एकच : माणूस काही करत नाही, महाराज करवून घेतात. म्हणून तिथं 'मी' हा शब्द बंद. निलंग्यात बी-बियाण्याचं दुकान चालवणाऱ्या आणि घरी रोज काहीतरी सांडणाऱ्या, विसरणाऱ्या माणसाला याहून सोयीचं तत्त्वज्ञान कुठं मिळणार? एकदा शेजारच्या वासरानं मेथीचा अख्खा वाफा खाल्ला, तेव्हा बायको महानंदाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"फाटक कुणी उघडं टाकलं?"

"टाकवून घेतलं," महादेवप्पा डोळे मिटून म्हणाले.

"कुणी?"

"महाराजांनी."

"मग आज भाजी बी महाराजांकडंच मागा," म्हणत ती आत गेली. पण भांडण तिथंच संपलं. एरवी ते रात्रीच्या जेवणापर्यंत सहज पुरायचं.

महानंदाबाईचा महाराजांवर विश्वास नव्हता. तिचा विश्वास शिऱ्यावर होता. निलंग्यात बारसं असो की साखरपुडा, शिरा तिच्याच हातचा लागायचा. आता हे नाव लातूरपर्यंत जायची वेळ आली होती. तिथल्या विमलताई शाळेत शिकवायच्या, परिवारातल्याच होत्या, आणि लेकीच्या लग्नाचा शिरा कुणाला सांगायचा हे ठरवत होत्या. महाराज महादेवप्पांच्या घरी येणार म्हटल्यावर त्यांनी फोन केला, "प्रसादाला येणं होईल. चाखून ठरवणं होईल."

"तुमचे महाराज तुम्ही सांभाळा," महानंदाबाई नवऱ्याला म्हणाली. "माझ्या हाताचं नाव जाऊ नये, एवढंच बघा."

महाराज येणार त्या दिवशी परिवाराचे शाखाप्रमुख गुरुपादप्पा सकाळीच हजर झाले. हे गृहस्थ महाराजांपेक्षाही कडक. 'मी' नको तर 'मी'नं सुरू होणारं काहीच नको, असा नियम त्यांनी निलंग्यापुरता काढला होता. मिरचीला 'तिखट' म्हणायचं, मिठाला 'पांढरं'. स्वतःच्या भरघोस मिशीला ते 'ओठावरचं' म्हणत.

"बाई, आज सैपाकघरात त्या शब्दाचं नाव काढायचं न्हाई. पांढरं म्हणायचं."

"कुठल्या शब्दाचं?"

"आता ते कसं सांगावं? नावच काढायचं न्हाई म्हटलं ना!"

महानंदाबाईनं समोर पाहिलं. कढईत शिऱ्याचा रवा, शेजारी साखरेचा डबा. असेल साखरेचंच काही खूळ, असं तिनं धरलं आणि रवा भाजायला लागली.

महाराजांची गाडी ठरल्या वेळेच्या आधीच आली. ओवाळायला घरच्या बाईला पुढं व्हावंच लागलं. ताट घेऊन जाता जाता ती ओरडली, "अवो, वाफ आली की तेवढं पांढरं घाला कढईत!"

"किती?"

"हात आखडू नका!"

महादेवप्पांनी मिठाचे दोन पुडे हातात घेतले. शिऱ्यात एवढं मीठ? शंका आली, नाही असं नाही. पण शंका काढणारे आपण कोण? करवून घेणारा वेगळाच. त्यांनी दोन्ही पुडे फोडून कढईत रिकामे केले आणि मन लावून हलवलं.

पहिला घास महाराजांनी घेतला. त्यांचे डोळे मोठे झाले आणि तसेच राहिले. भक्तांना वाटलं, समाधी लागली. सगळ्यांनी हात जोडले आणि मग आपापला घास घेतला. बैठकीत कुणी कुणाकडे बघेना.

"लई गहन हाय," गुरुपादप्पा कसाबसा गिळत म्हणाले. ही परीक्षा आहे असं समजून त्यांनी वाटी संपवली आणि आणखी मागितली.

महाराजांना कंठ फुटला. "हे कुणी केलं?"

"आपणच करवून घेतलं, महाराज!" सगळे एका सुरात म्हणाले.

"मी? मी करवून घेतलं? मला बीपी आहे! मी मिठाला हात लावत नाही! मी काय वेडा आहे?"

गुरुपादप्पांनी कानांवर हात ठेवले.

महाराजांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. "ज्या बाईनं केलं, तिच्या हाताला चवच नाही."

विमलताईंनी वाटी खाली ठेवली. "लग्नाचं मग राहू देणं होईल, बाई."

महानंदाबाई आत गेली. साखरेचा डबा काठोकाठ भरलेला. खाली मिठाचे दोन रिकामे पुडे. ती बाहेर येऊन दारात उभी राहिली. रडू आवरलेला चेहरा महादेवप्पांनी कधी पाहिला नव्हता. भांडणारा रोज पाहत होते.

"अवो, काय घातलं?"

नेहमीचं उत्तर ओठांवर आलंच होतं. पण महाराजांनी तर आत्ताच सांगितलं होतं, आपण नाही म्हणून. मग उरलं कोण?

"मी," महादेवप्पा म्हणाले.

"मीठ?" विमलताईंनी विचारलं.

"हाव, मीठच. पण मी. मी घातलं."

"अरे, तो शब्द!" गुरुपादप्पा ओरडले.

"दोन पुडे घातले, अप्पा. शंका आली तरी घातले. तिनं रवा झकास भाजलाय, वाटोळं मी केलं."

विमलताईंनी वाटीत पुन्हा नाक घातलं. "भाजलाय मात्र खमंग. बाई, लग्नाचं पक्कं, मी सांगते. फक्त ह्यांना मांडवात बसवा. चुलीकडं फिरकू देऊ नका."

तर शेवटी कुणाला किती पडलं? महाराजांना एक घास पडला, आणि परतीच्या वाटेवर प्रत्येक हॉटेलापाशी गाडी थांबवून पाणी. गुरुपादप्पांना तीन वाट्या. परीक्षा संपली हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. विमलताईंना एका घासात आचारीण मिळाली. महानंदाबाईला काहीच पडलं नाही, उलट लातूर मिळालं. बाकी सगळं महादेवप्पांवर आलं : परसात खड्डा खणून शिरा पुरणं, माणूस बसेल एवढी कढई राखेनं घासणं, आणि कढई घासता घासता ओट्यावर बसलेल्या बायकोला एकेक उत्तर देणं. लोणच्याची बरणी कुणी फोडली? मी. सासूबाईंचा चष्मा कुणी तुडवला? तो बी मीच.