हावरी रीत

दाराची वरची फळी कडाडली, तेव्हा हेरिम परीक्षेतलं शेवटचं कोडं वाचत होती.

"कारखाना सोडलास आणि आत कॉम्प्युटर कुरवाळत बसलीस होय, कार्टे? उघड!" बाप बाहेरून ओरडला.

"परीक्षा चालू आहे तिची," आई म्हणाली. पाठोपाठ तिचं डोकं दारावर आपटल्याचा आवाज आला.

हेरिम अर्धवट उठली. पडद्यावर लाल पाटी झळकली: खुर्ची सोडल्यास परीक्षा रद्द. परीक्षा बुसान शहरातल्या नोकरीची होती, राहायला खोलीसकट. आईला घेऊन तिथे निघून जायचं, असं दोघींनी हिवाळ्यातच ठरवलं होतं.

"बस खाली!" आई दारापलीकडून म्हणाली, जणू तिला दिसतच होतं. "लिही तू."

ती बसली.

कोड्यात घरांची रांग होती, प्रत्येक घरात एक आकडा. त्या घरातून फार तर किती घरं पुढे उडी मारता येईल, ते प्रत्येक आकडा सांगत होता. कमीत कमी उड्यांत शेवटचं घर गाठायचं. तिने दर वेळी सगळ्यांत लांब उडी मारून पाहिली. उत्तर चुकलं.

बाहेर काच फुटली. आईने किंकाळी गिळली.

हेरिमने चुकलेलं उत्तर पुसलं. लांब उडी नको. आवाक्यातल्या घरांपैकी जिथून पुढची मजल सर्वांत दूर जाते, ते घर धरायचं. दर पावलाला एवढंच पाहायचं, मागे वळायचं नाही. प्रोग्रामवाले याला ग्रीडी म्हणतात, हावरी रीत.

बाप एकदाच गुरासारखा ओरडला. काहीतरी जड पडलं. मग सगळं शांत.

दारूच्या भरात झोपला असेल, असं तिने मनाला सांगितलं आणि ती लिहीत राहिली. शेवटच्या चाचणीपुढे हिरवी खूण उमटली, तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. उत्तर पाठवून तिने कडी काढली.

बाप पालथा पडला होता. शेजारी किमचीच्या माठातला, लोणचं दाबून ठेवायचा दगड. फरशीवरचं रक्त कडेने काळपट होत चाललं होतं. आई भिंतीला टेकून केसांतले काचेचे तुकडे वेचत होती.

"झाला पेपर?"

"झाला."

"मग आता पोलिसांना फोन कर. मी आधी केला असता, तर त्यांनी तुला परीक्षेतून उठवलं असतं."

हेरिम गुडघ्यांवर बसली. तिने बापाच्या मानेला बोटं लावली, जागा बदलून पुन्हा लावली.

"आई, बाबा लगेच गेले?"

आईने हातातला तुकडा इतर तुकड्यांशेजारी नीट ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "बराच वेळ श्वास चालू होता."