दोरीचं दुसरं टोक

डॉक्टरांनी नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा दाबला, तसा त्याने तपासणीच्या टेबलाचा काठ घट्ट धरला. रेक्झिन करकरलं.

"इथे दुखतं?"

"फारसं नाही."

स्टुलावर बसलेली धाकटी बहीण हसली. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, पण कान भारी तिखट. "डॉक्टर, रेक्झिन ओरडलं ते ऐकलंत ना? दादा, ताकाला जाऊन भांडं काय लपवतोस?"

डॉक्टरांनी हसू आवरून समोरचे रिपोर्ट पुन्हा चाळले. "विश्रांती घेऊन झाली, व्यायाम झाले, बूट बदलून झाले. आता शस्त्रक्रियेचा विचार करायला हरकत नाही. हाडाला चिकटलेलं आवरण सारखं ओढलं जातंय, ते मोकळं करायचं. सुरुवातीला कुबड्या, टाके निघाले की थोडं थोडं चालणं, मग पायाचे व्यायाम. पळायला काही महिने लागतील. घाई केलीत तर सगळं मुसळ केरात."

"आणि नंतर पहिल्यासारखं पळता येईल?"

"दुखणं बहुतेकांचं कमी होतं. जुना वेग सगळ्यांनाच परत मिळतो असं नाही. आत्ताच सांगितलेलं बरं."

त्याने मान डोलावली आणि पायमोजा चढवला. तो चढवायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

शाळेत असल्यापासून दोघं जोडीनेच पळत आले होते. एका आखूड दोरीचं एक टोक तिच्या बोटांत, दुसरं त्याच्या. वळण आलं की तो सांगणार, ती वळणार. दुसऱ्या कुणाबरोबर ती कधी पळालीच नव्हती. आता निवड स्पर्धा तोंडावर आलेली, आणि नेमका याच हंगामात तिचा वेग उतरला होता. सराव घेणारे सर रोज ओरडत होते.

बाहेर जिन्यापाशी आल्यावर तो म्हणाला, "आधी तुझी निवड होऊ दे भिंगरे, मग बघू ऑपरेशनचं. तशीही तू मंदावलीयस. नव्या माणसाबरोबर तर पार दैना होईल."

तिने कठड्यावर हात ठेवला आणि थांबली.

"मी मंदावले नाहीये, दादा."

"मग काय घड्याळ खोटं बोलतं?"

"ते कशाला बोलेल? तुझा डावा पाय जड पडायला लागला ना, तेव्हापासून मी आवरून पळतेय. दोरी ताणली गेली की तुझा श्वास अडकतो. कळतं मला."

त्याला आधी रागच आला. "आणि सरांची बोलणी मुकाट्याने खात होतीस? माझ्यावर उपकार म्हणून?"

"दुखतंय हे तू सांगत नव्हतास, मला जोरात पळता येतंय हे मी सांगत नव्हते. एकाच माळेचे मणी आपण."

तो पायरीवर बसला. ऑपरेशनची भीती त्याला कधीच नव्हती. आपल्यावाचून हिचं अडणार नाही, ही होती. ते स्वतःशी कबूल करताना त्याला फार वाईट वाटलं. थोड्या वेळाने त्याने खिशातून दोरी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"नव्या जोडीदाराला सांग, वळण यायच्या आधी बोलायचं. वळणावर बोललं की तू चिडतेस."

"सांगते," ती म्हणाली आणि दोरी बोटांभोवती गुंडाळली.

निवडीच्या दिवशी तो कुबड्या टेकत मैदानावर गेला. सरांनी बाकावर जागा करून दिली आणि स्टॉपवॉच हातात कोंबलं. "बसल्या बसल्या एवढं तरी कर."

इशारा झाला. बरोबरची उंच मुलगी वळणाआधीच काहीतरी बोलली, आणि वळण घेऊन दोघी सरळ त्याच्या दिशेने आल्या. आजवर तो कायम तिच्या शेजारून पळाला होता, डोळे ट्रॅकच्या रेषांवर ठेवून. पळताना ती समोरून कशी दिसते, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तिची मान वर होती, तोंड किंचित उघडं, आणि ती हसत होती. एवढ्या जोरात ती पळू शकते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. दोघींच्या हातांमधली दोरी सैल होती.

सर टाळ्या पिटत धावत आले. "किती? किती वेळ लागला?"

त्याने मुठीतल्या घड्याळाकडे पाहिलं. बटण दाबायचं राहूनच गेलं होतं.