माझ्या पाठीवरची एकवीस फळकुटं

मित्रांनो, ओळख नंतर सांगते, आधी गाऱ्हाणं ऐका. एदेल्मिरा बारिया नावाची एक बाई मार्च महिन्यात होडीतून उतरली, बुटांचा चिखल झटकला, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पटाशी घेऊन माझ्या पाठीवरची एकवीस फळकुटं उचकटून काढली. विचारलं नाही, सवरलं नाही. इतक्या वर्षांत एकाही वादळाने एका दिवसात माझी एवढी फळकुटं नेली नव्हती.

मी एक जुनी शाळा आहे. चिलोएच्या समुद्रात बेटं पुष्कळ, त्यातल्या पुल्केन बेटावरची, एका खोलीची. माझ्यासारखी शाळा दुसऱ्या कुठल्याच बेटावर नाही, हे मी न बघताच सांगते. मला होड्या बांधणाऱ्यांनी बांधलं. घर कसं बांधतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी एक होडी बांधली आणि ती उलटी ठेवली. लोखंडी खिळा एक नाही, सगळ्या लाकडी मेखा. वरून आलेर्से झाडाची पातळ फळकुटं, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक. पाऊस इथे पाहुणा नाही, घरचाच आहे. त्याच्याशी माझी रोजची उठबस, आणि तो कधी आत आला नाही.

जागाही मी बदलली आहे. भरतीचं पाणी उंबऱ्याशी यायला लागलं तेव्हा अख्खं बेट जमलं. मला ओंडक्यांवर चढवलं, बैलांच्या चौदा जोड्या जुंपल्या आणि टेकडीवर ओढत नेलं. अशा कामाला आमच्याकडे मिंगा म्हणतात. मजुरी कुणाला नाही. सगळ्यांनी राबायचं, मग पोटभर बटाट्याचं मिल्काव खायचं आणि वर सफरचंदाची दारू. चढावर एक बैल खाली बसला तर बायकांनी मला मागून ढकललं. तुमच्यातल्या किती जणांच्या शाळेला गावाने असं खांद्यावर घेतलं आहे?

आता एक गोष्ट सांगते, ती तुमच्या-माझ्यातच ठेवा. शाळा असून मला वाचता येत नाही. हसू नका. फळा माझ्या पोटात आणि डोळे, म्हणजे खिडक्या, बाहेर समुद्राकडे. अक्षर मी कधी पाहिलंच नाही, नुसतं ऐकलं. ऐकून ऐकून मात्र पाढे मला अठरापर्यंत येतात.

फिलिदोर मान्सिया मास्तरांनी माझ्यात सत्तावीस वर्षं काढली. त्यांची पद्धत मोठी गोड होती. ते म्हणायचे, "नदी डोंगरातून..." आणि पोरं एका सुरात ओरडायची, "निघते." मास्तर म्हणायचे, "आणि समुद्राला..." पोरं म्हणायची, "मिळते." माझ्या तुळया थरथरायच्या. अंगात ऊब यायची. तपासनीस आले की तेही टाळ्या वाजवून परत जायचे. सगळ्यांत खणखणीत आवाज नोल्फा चिग्वाय या मुलीचा. दहा वर्षांची, दोन वेण्या, एक नेहमी सुटलेली. मास्तर दर महिन्याला तिच्या वहीत सात लिहायचे. आमच्याकडे गुणांत सातावर आकडा नाही.

नोल्फाचा बाप एलियोदोरो दोन वर्षं दक्षिणेला मेंढ्या राखायला गेला होता. त्याची पत्रं यायची. आई क्लोरिंदाला वाचता येत नव्हतं, आणि पोरगी वर्गात पहिली असताना दुकानदाराकडे पत्र घेऊन जाणारी बाई ती नव्हे. पत्रं होडीतून माझ्या दाराशी यायची. नोल्फा तिचं पत्र घेऊन माझ्या वळचणीखाली बसायची आणि हळू आवाजात म्हणून बघायची, "लाल मेंढीने मला पुन्हा लाथ मारली. मालकाच्या कुत्र्याला सर्दी झाली. मी बरा आहे." मग घरी जाऊन हेच आईला वाचून दाखवायची. उत्तर म्हणून क्लोरिंदा सुकवलेल्या शिंपल्यांची माळ धाडायची.

मला वाटायचं, काय हुशार पोर आहे. वाचता न येणाऱ्याचं असंच होतं.

मग मास्तर म्हातारे होऊन मुलाकडे गेले आणि ही एदेल्मिरा आली. माझी फळकुटं तिने घासली आणि प्रत्येक पोराच्या हातात एकेक दिलं, सोबत चुलीतल्या कोळशाचा एकेक तुकडा.

"मी विचारीन, तुम्ही लिहा," ती म्हणाली. "कुणी बोलायचं नाही. मी 'वर' म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर धरायचं."

"आणि चुकलं तर, बाई?"

"तर मला कळेल. कळण्यासाठीच तर मी तुमच्या शाळेची पाठ सोलली आहे."

मी दार आपटलं. वारा नव्हता, तरी आपटलं.

पहिल्याच दिवशी तिने भागाकार विचारला आणि अकरा फळकुटं चुकली. मी वाट बघत होते, आता छडी निघेल. ती म्हणाली, "निम्म्याहून जास्त चुकली म्हणजे मी नीट सांगितलं नाही. पुसा. पुन्हा सांगते." मास्तर स्वतःची चूक कबूल करतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मला तर लाजच वाटली.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पाऊस लिहा." वीस पोरांनी थोडंफार बरोबर लिहिलं. नोल्फाच्या फळकुटावर काय होतं ते मला दिसलं नाही, पण शेजारचा हेर्मोहेनेस टेनेब फिस्सकन हसला. "बाई, हिने गांडुळं काढलीत."

"तुझ्या पावसाला मागचं अक्षर नाही, ते आधी बघ," बाई म्हणाली आणि पुढचा शब्द सांगितला. नोल्फाला एक शब्द बोलली नाही. शाळा सुटल्यावर मात्र तिला चुलीजवळ बसवलं, ओले मोजे वाळत घातले, बटाटा भाजायला टाकला आणि विचारलं, "कधीपासून येत नाही?"



"कधीच आलं नाही," नोल्फा म्हणाली. "सगळे म्हणतात तेव्हा मी अर्धा क्षण मागे असते. कुणाला कळत नाही."

मित्रांनो, चार वर्षं ती पोर माझ्या पोटात बसली होती. मला कळलं नाही, मास्तरांना कळलं नाही. फळकुटाला तीन दिवसांत कळलं.

मे महिन्यात क्लोरिंदा आली. ओली शाल, हातात नोल्फाची वही.

"बाई, पोरीचा आकडा कुठाय?"

"कसला आकडा, क्लोरिंदाताई?"

"सात. मास्तर दर महिन्याला द्यायचे. तुम्ही दोन महिन्यांत एक आकडा टाकला नाहीत. मी शेजारणीला काय दाखवू?"

"तिला काय येतं आणि पुढे काय शिकायचं, ते मी लिहिलंय."

"ते मला वाचता येत नाही. सात वाचता येतो."

बाईने वही मिटली. "नोल्फा खूप मेहनत करतेय," ती म्हणाली.

"मेहनत माझा बैलही करतो. त्याला मी शाळेत धाडत नाही." आणि क्लोरिंदा निघून गेली. मी मनात म्हटलं, शाब्बास क्लोरिंदा.

एदेल्मिरा मात्र रोज तेच करत राहिली. शिकवायचं, लिहायला लावायचं, बघायचं, गळलेलं पुन्हा घ्यायचं. नोल्फाला शाळा सुटल्यावर अर्धा तास. सप्टेंबर लागताच बापाचं पत्र आलं तेव्हा नोल्फाला तुटक शब्द लागायला लागले होते. ती वळचणीखाली बसली. या वेळी लाल मेंढी नव्हती. बोट कागदावर ठेवून ती म्हणाली, "समुद्र... लागणार नाही... रडू नका." आणि थांबली. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला.

ती धावत आत गेली आणि आधीच्या पत्रांसकट सगळं बाईला सांगितलं. बाईने पत्र मनात वाचलं आणि घडी घातली.

"वाईट बातमी नाही. माणूस धड आहे. पण त्याने एक काम सांगितलंय, आणि त्याला बारा दिवस आहेत. मी आत्ता वाचून दाखवू, की तू वाचतेस?"

"मला नाही जमलं तर?"

"अकराव्या दिवशी मी स्वतः तुझ्या आईकडे येईन आणि वाचून दाखवीन. मग आधीच्या पत्रांचंही तूच सांगायचंस."

नोल्फाने पत्र परत घेतलं. "मी वाचते," ती म्हणाली.

माझ्या मेखा कुरकुरल्या. बाई गं, वाच आणि मोकळी हो. दहा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात बापाची बातमी बांधून कसली परीक्षा घेतेस? त्या बारा दिवसांत पाऊस माझ्या उघड्या पाठीतून आत झिरपला, तरी माझं लक्ष तिकडे नव्हतं. रोज एक ओळ. बाई ती फळकुटावर उतरवायची, शब्द झाकायची, उघडायची, दुसऱ्या दिवशी कालची ओळ आधी विचारायची. पाचव्या दिवशी दोन ओळी साफ गळल्या. बाई मागे गेली, तिसऱ्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं. मी दिवस मोजत होते. अठरापर्यंतचे पाढे येतात मला, बारातून पाच गेले की किती राहतात ते कळतं.

दहाव्या दिवशी दुपारी नोल्फाने आईला माझ्या पायरीवर बसवलं आणि पत्र उघडलं. अडखळत, मागे जात, पुन्हा पुढे येत वाचलं.

"क्लोरिंदा, तेरा तारखेच्या बोटीने सणाला येतोय. समुद्र खवळलेला असतो, म्हणून बोट आपल्या बेटाला लागणार नाही. खडकापाशी होडी घेऊन ये, नाही तर मला पुढच्या बंदरात उतरवतील आणि सण तिथेच जाईल. मी दाढी वाढवली आहे. बघून रडू नका."

क्लोरिंदाने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, "हे तू वाचलंस. असं अडखळत तू कधी वाचत नव्हतीस."

"हो."

"म्हणजे आधीची नाही वाचलीस."

"नाही, आई."

"आणि ती लाल मेंढी?"

"माझीच."

क्लोरिंदाने शालीचं टोक तोंडाला लावलं. मला वाटलं, आता एक ठेवून देणार. तिचे खांदे हलत होते. मग कळलं, हसते आहे. "दोन वर्षं मी त्या मेंढीला शिव्या घालतेय," ती म्हणाली. "चल, होडीला डांबर लावायचंय. परवा तेरा तारीख."

तेरा तारखेला माझ्या खिडक्या समुद्राकडेच होत्या. बोट लांब उभी राहिली, होडी जवळ गेली आणि येताना तिच्यात एक दाढीवाला माणूस जास्त होता. माझ्या छपरावरून तेव्हा जे पाणी गळलं ते पावसाचंच होतं, असं मी सगळ्यांना सांगते.

वर्षअखेरीला आकडे टाकावेच लागतात. सरकारचा कागद येतो. बाईने नोल्फाला विचारलं, "तूच सांग, किती टाकू?"

"चार," नोल्फा म्हणाली. आमच्याकडे चार म्हणजे पास.

क्लोरिंदा दारात उभी होती. "सातापेक्षा चार कमी, एवढं मला कळतं," ती म्हणाली. "टाका चार. मास्तरांच्या सातांनी मला नवरा कधी येणार ते सांगितलं नव्हतं."

मित्रांनो, तुमच्या शाळेची डागडुजी करा, भिंतींवर रेघोट्या ओढू नका, हे तर मी सांगणारच, म्हातारी आहे. पण त्याहून एक सांगते. येत नसेल तर सगळ्यांच्या सुरात तोंड हलवू नका. बाईंना दिसू द्या. ज्याचं चुकलेलं कुणी बघत नाही, त्याला कुणी शिकवतही नाही.

शाळेच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी एदेल्मिरा चुलीची राख काढून, कुलूप हातात घेऊन दारात थांबली होती. मी बिजागरं कुरकुरवून घसा साफ केला आणि तिला तोंडावर सांगितलं, "पोरी, तुला शिकवता येतं. इतक्या वर्षांत हे मी कुणाला म्हटलं नाही, फिलिदोरलासुद्धा नाही. सुट्टी संपली की वेळेवर ये."